‘अंडर द वेदर’ म्हणजे आजारी

प्रिय बोक्या,

ताप उतरला. अंगातली कसर अजून गेलेली नाही, पण कामावर जातो. तू आणलेली फळं आईने मला बळेच खायला घातली. तुझं कौतुक करत.

बोटीवर आपण नवखे होतो तेव्हा कप्तानांच्या इंग्रजीने आपली भंबेरी उडायची. ‘अंडर द वेदर’ म्हणजे काय, ते तूच मला समजावलंस. वादळात खलाशाला मळमळू लागलं की त्याला डेकवरून खाली, म्हणजे ‘वेदर’च्या खाली, आडोशाला नेऊन निजवायचे; त्यावरून आजारी माणसाला तसं म्हणू लागले, अशी गोष्ट सांगतात म्हणालास. वर हसून म्हणालास, की जास्त घेतलेल्यालाही हेच म्हणतात, सभ्य माणसांची सोय! मीही पोट धरून हसलो होतो.

काल इंजिनवाल्याने सगळं सांगितलं. मी तापाने फणफणलेला असताना कप्तानांनी माझी चौकशी केली. ‘ताप आहे’ एवढं तुला सांगता आलं असतं. तू म्हणालास, “जरा अंडर द वेदर आहे, सर,” आणि अंगठा ओठांशी नेलास. खोटं एक अक्षर बोलला नाहीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आता सुकाणूवर माझ्या जागी तू उभा असतोस आणि मी धक्क्यावर दोरखंड ओढतो. जागा हवी होती तर मला सांगायचंस रे.

जागेचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण धक्क्यावरची गोष्ट गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागतो? माझे वडील कशाने गेले ते तुला माहीत आहे; खांदा द्यायला तू होतास. हल्ली मी घरी आलो की आई जवळ येते, ताप बघायच्या निमित्ताने कपाळाला हात लावते आणि हळूच माझ्या तोंडाचा वास घेते. मी घेत नाही म्हटलं तर म्हणते, “तेही असंच म्हणायचे.”

कप्तानांकडे जाऊ नकोस, जागा तुलाच राहू दे. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की मी कामावर असताना एकदा घरी ये आणि आईला सांग, मी थेंबालाही शिवलेलो नाही. माझ्या शपथांवर तिचा विश्वास उरलेला नाही. तुझ्या शब्दावर मात्र अजून आहे.

इतकी वर्षं तुझाच असलेला,
लंबू