माझ्या खोलीतला पॅरलल
गुरुवार, दिवेलागणीला

वहिनीनं असं करावं? दुसरं कुणी असतं तर एवढं लागलं नसतं.

खालच्या फोनच्याच लाइनवर माझ्या खोलीत पॅरलल फोन बसवायचा हट्ट तिचाच. मैत्रिणीशी निवांत बोलता येईल म्हणाली होती. दुपारी त्यावरूनच वैजापूरच्या शोभाला सांगितलं, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागलीय, उद्या हजर व्हायचंय, घरी अजून कुणाला माहीत नाही. मध्येच खट्ट आवाज आला. मला वाटलं, लाइन खराब असेल.

संध्याकाळी दादा आला तो बोलतच. "शेंद्र्याला जायचं नाय. रविवारी पाहुणे येतायत तुला बघायला."

खालचा फोन उचलला की असंच खट्ट होतं. मला दुपारीच का नाही कळलं?

स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "वहिनी, तू ऐकत होतीस?"

तिनं लाटणं थांबवलं नाही. "व्हय. लई दिवसांपासून. ह्यांनीच सांगितलं होतं."

"आणि पॅरललचा हट्ट?"

"तो बी ह्यांचाच."

वर येऊन पॅरललची वायर उपटून टाकली. उद्या पहिल्या बसनं शेंद्र्याला जाणार आहे. हे आता शोभालासुद्धा सांगणार नाही.