ठेंगणीचं झाकण

आकुर्डी, मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी १९५७

चि. गं. भा. रंभा हिस थोरली बहीण गोजा हिचा आशीर्वाद. आमी समदी खुशाल. तू बी खुशाल असशील असं धरून चालते, कारण तू काय कळवत न्हाईस.

स्टोव पोत्यात कोंबलास, तोंडाला सुतळी आवळलीस आन् तुमच्या चाकणच्या मारुतरावाच्या हाती धाडून दिलास! बटाट्याच्या गाडीवरनं उतरून ते म्हणत्यात, "गोजाक्का, तुमच्या भणीनं दिलंय." मी इचारलं, निरोप काय? तर म्हणे, काय बी न्हाई. चार महिने अबोला, संक्रांतीला तिळगूळ न्हाई, आन् वर हे पोतं. मी काय भंगारवाली हाय? (लोक तसंच म्हणत्यात, ते सोड.) दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच स्टोवचा भडका उडाला तवा मी बोलले खरं, की पंप हापसून हापसून तूच बिघडवलास, आता तूच घेऊन जा. पण रागात दिलेलं कुणी परत करतं व्हय?

ते जाऊ दे. तुला सांगितल्याबिगर मला राहवंना. आठवा स्टोव आला!

तुझ्या दाजींनी देहूरोडच्या डेपोबाहेरच्या भंगारातनं आणला. लढाईतला, गोऱ्या सोल्जरांचा. मिटला की नुसती पत्र्याची पेटी, कोण बी म्हणंल शिंप्याचं सामान. कडी काढली की आतनं पाय निघत्यात, दोन बर्नर उभे राहत्यात. पंपाचं कातडं वाळून लाकूड झालं व्हतं, ते दोन दिस गोड्या तेलात भिजवलं. स्पिरीट ओतून बर्नर तापवला, पंप हापसला आन् रंभे, असा गरजला की शेजारची शालनबाई हातातली परात टाकून पळाली. "इमान उतरलं का काय, बया!" मी म्हटलं, उतरलंय, बस, चहा पी.

तुझे दाजी म्हणत्यात, "माणसाला एक चूल लागते, तुला आठ कशाला?" म्हटलं, तुमाला तंबाखूच्या डब्या चार कशाला?

तर बेत ऐक. महाशिवरात्रीला आठीच्या आठी स्टोव घोराडेश्वराच्या डोंगरावर न्यायचे. वर वारा असा की चूल पेटत न्हाई, सरपण न्हाई, आन् उपाशी माणसं धापा टाकत चढून येत्यात. एका वळीत आठ स्टोव! तिनावर चहा, तिनावर साबुदाणा, दोनावर रताळी. दाजी रजा काढून पोती वाहणार हायेत, शब्द घेतलाय.

पण आठ मी एकटीनं कसे सांभाळायचे? कुठला नीट चाललाय, कुणाचं भोक तुंबलंय, ते पाठमोरी उभी राहून नुसतं ऐकून तुला कळतं. मला घाई लई. घाईनंच घात केला.

आता लिहितेच. परवा ती तुझी ठेंगणी, पोत्यातनं आलेली, पेटवायला घेतली. पितळ चिंचेनं घासून आरसा केलायस. डाव्या हातानं घासलंस व्हय? मारुतराव म्हणाले, भाजलेल्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत न्हाईत. मी पुढं इचारलं न्हाई. त्यांना चहा ठेवला.

सारा स्टोव आरसा, आन् तेल भरायचं झाकण तेवढं तसंच काळं. मला वाटलं, कंटाळली असंल. खोललं. झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं, आत हवा लई झाली की तिथनं निसटायची. ते बुजलेलं. पिन घातली तर दगडावानी गच्च. टोकरून काढलं तर लाल भुगा. मी म्हटलं गंज. तळहातावर घेऊन थुंकी लावली, तर रंग सुटला.

खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात म्हणून मी साती स्टोव पाटावर मांडले आन् झाकणाझाकणावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं वढली. तू म्हणालीस, "अक्का, झाकणाला नगं, अंगाला लाव." मी म्हटलं, तू गप बस. आन् तू तर भावजी गेल्यापासनं कुंकवाच्या करंड्याला हात बी लावत न्हाईस.

मंग ते कुणाचं बोट? माझं. हवा त्यानंच कोंडली, तू पंप जादा हापसला नव्हतास. चार महिने मी साऱ्या भावकीत तुझं नाव सांगितलं. आन् तू बी अशी, तोंडानं एक शब्द न्हाई. झाकण तेवढं न घासता धाडलंस. निरोप नव्हता असं न्हाई, मला वाचता आला न्हाई.

काल शालनबाईला बसवून खरं काय ते सांगितलं. म्हंजे आता साऱ्या गावाला कळलं असंल.

तिचा भाऊ उद्या चाकणला चाललाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी आन् ठेंगणीचं झाकण धाडते. भोक मोकळं केलंय, फुंकून बघ. झाकणाबिगर ती पेटत न्हाई, आन् दुसरं मी बसवणार न्हाई. येणार असशील तर तूच घेऊन ये. शिव्या द्यायच्या असतील तर त्या बी हितं येऊन दे, मी गप बसंन.

शनिवारी मारुतराव हितं बाजाराला येतील, दुपारी माघारी फिरत्यात. त्यांच्या हाती उत्तर पायजे. पोतं नगं, चिठ्ठी. डाव्या हातानं लिव्ह, वाकडं आलं तरी मी वाचीन. शनिवार म्हंजे शनिवार.

तुझा हात भाजवणारी,
तुझी अक्का गोजा