आरशासमोरची मोनाली

बीरगांव, रायपूर

प्रिय हिरालाल,

तुला आणि रीनाला मोठ्या बहिणीचा जय भीम. तुमची मोनाली माझ्याकडे राहून कार्टून काढायला शिकते आहे आणि दोन्ही वेळा नीट जेवते. डोळे थोडे लाल असतात, पण डॉक्टरांना दाखवलं आहे. तुझा गुडघा कसा आहे?

पोट्टी दिवसभर आरशात बघून तोंडं वेंगाडते, असं तुला कोणी तरी कळवलं आणि तू तिला न्यायला निघालास. थांब! मीही आधी घाबरले, मग पुस्तकं आणून वाचली. अमेरिकेतले जुने कार्टूनवाले चित्रकार मेजावर आरसा ठेवूनच काम करत. राग आधी स्वतःच्या चेहऱ्यावर आणायचा, मग कागदावर. त्याच माणसांनी चित्रांना संगीताच्या तालावर नाचवलं, पुढे पूर्ण लांबीचे रंगीत सिनेमे उभे केले. त्या सिनेमांसाठी पारदर्शक पानांवरच्या चित्रांत रंग भरणाऱ्या कितीतरी बायकांची नावंसुद्धा पडद्यावर आली नाहीत. याला पोरखेळ म्हणणाऱ्याशी मी भांडेन, मग तो सख्खा भाऊ का असेना!

काल ती भुवया ताणून आरशात बघत होती. मी विचारलं, "काहून गं, कोणावर चिडून राहिली?"

"आत्या, पप्पा बना रही हूँ."

कागदावर फोनवर ओरडणारा तू हुबेहूब होतास. फक्त डोळ्यांची जागा कोरी होती.

"ओरडून झाल्यावर पप्पांचे डोळे कसे होतात, ते फोनवर दिसत नाही नं," ती म्हणाली.

तेव्हा ये, हिरा, पण तिला न्यायला नाही. माझ्याशी भांडण दारातच उरक आणि मग थोडा वेळ तिच्यासमोर बस.

तुझीच,
कलाताई