डब्याच्या जागी

प्रिय धाकट्या,

परवा सगळ्यांसमोर तू वर्षभर मुरलेल्या चीजची पहिली लादी कापलीस. लोक बोटं चाटत होते. मी एक तुकडा तोंडात टाकला. त्यात कडवटपणा नव्हता.

काटेरी फुलांच्या केसरांनी दूध गोठवून केलेलं चीज मुरताना थोडं कडू होतंच, हे तुला-मला दोघांनाही ठाऊक. सहा वर्षं मी त्या कडूपणाची बाजू घेऊन सभा गाजवते आहे, घसा बसेपर्यंत. हा कडूपणा म्हणजे एका वासराचा वाचलेला जीव, असं सांगते आहे. माझ्या शब्दावर माणसं तुझ्या दाराशी आली. वासरं मारतात म्हणून जन्मात चीजला हात न लावलेल्या आपल्या गल्लीतल्या शिंपीणबाईसुद्धा.

तुला आठवतं? वासरू गवताला तोंड लावायच्या आत बाबा ते कापायला न्यायचे, कारण नुसतं दूध प्यालेल्या वासराच्या जठरातच दूध गोठवणारं चांगलं रेनेट मिळतं. तू पाच वर्षांचा होतास. गोठ्यात चोरून एका वासराला मूठमूठ गवत भरवताना सापडलास आणि म्हणालास, "आता ते काही कामाचं नाही ना, बाबा?" बाबांना हसू फुटलं. वासरू वाचलं. मी पुढे जी काही पुस्तकं वाचली आणि भाषणं ठोकली, ती सगळी त्या मुठीनंतरची.

परवा तुला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणालास, बाबांच्या वेळचं थोडं रेनेट उरलं होतं, एकदाच वापरलं, डबा फडताळात तसाच पडलाय. माझ्या डोळ्यांत बघून बोललास. मलाही ते खरं मानायचं होतं.

आज तू माल पोचवायला गेलास तेव्हा जुन्या किल्लीने तुझ्या कामाच्या खोलीत शिरले. डब्यात कागदासारखी वाळलेली जठरं होती. झाकणावर धूळ होती, पण पातळ. हात एकदाच लागला होता की रोज लागतो आहे, हे तेवढ्या धुळीवरून मला ठरवता येईना.

म्हणून डबा मी नेते आहे आणि त्याच्या जागी हे पाकीट ठेवते आहे. उद्या दुपारी येऊन बघेन. बंदच असेल, तर तुला कधीच काही न सांगता डबा पुरेन आणि संध्याकाळच्या सभेत नेहमीसारखी तुझ्या बाजूने बोलेन. पण तू हे वाचतो आहेस. म्हणजे तुझ्या मागे कढईतलं दूध कोमट होऊन थांबलं आहे आणि तुझा हात डब्याकडेच गेला. रेनेट घातल्यावर बाबा दुधावर वाटी तरंगवून तिला गिरकी द्यायचे. ती थांबली की दूध धरलं, गोठलं, मग त्याला ढवळायचं नाही. सभा पाचला आहे आणि डबा तिथल्या टेबलावर असेल. माझ्याआधी उठून तू बोललास, तर तुझ्या शेजारी उभी राहीन. गप्प बसलास, तर मी बोलेन. वाटी अजून फिरते आहे, धाकट्या.

अजून तरी तुझीच,
ताई