तुझी वाडी सेव्ह राहिली

आई, काल नवीन फ्लॅश कार्ट आलं आणि त्यात तुझी वाडी उघडली. चालली गं! एकदम मस्त चालली. आमच्या जुने गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं असतं तर सगळ्यांनी कार्ट कुठलं, बॅटरी किती खातं, एवढंच विचारलं असतं. तुझी वाडी कोणाला माहीत आहे? म्हणून तुलाच लिहितेय. कार्ट म्हणजे ती तुझी ‘कॅसेट’. रिकामी कॅसेट, आत कंप्युटरवरून हवा तो गेम भरायचा आणि हँडहेल्डच्या, म्हणजे त्या हातात धरायच्या गेमच्या, मागे खटकन बसवायची. मी शंभर वेळा कार्ट म्हटलं, तू शेवटपर्यंत कॅसेटच म्हणालीस.

सुरुवात झाली ती तुझ्या पायामुळे. आपल्या एव्हरशाईनमधल्या बिल्डिंगच्या जिन्यात तू पाय मोडून घेतलास, वर तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाकी सगळं तू सहन केलंस, पण रविवारी निर्मळला माहेरी जाता येईना ते नाही. दर रविवारी तू मामाच्या वाडीत जाऊन मोगऱ्याला, केळीला हात लावून यायचीस, म्हणजे पुढचा आठवडा आम्हाला नीट जेवायला मिळायचं. आता प्लॅस्टर घालून पलंगावर बसलेली तू खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या बघतेस आणि कोणाशी बोलत नाहीस. बाबा आल्यावर पण नाही. मला भीती वाटायला लागली होती. मी दहावी संपवून रिकामी, हातात बाबांच्या ऑफिसमधल्या कोणीतरी दिलेला जुना हँडहेल्ड. सायबर कॅफेत वाचलं होतं की शेतीचा एक गेम आहे, जमीन साफ करायची, बी पेरायचं, पाणी घालायचं. डोक्यात लगेच आलं, आईला वाडी देऊ या.

तुळिंजच्या मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडून पहिलं कार्ट आणलं. तू चष्मा लावलास, स्क्रीन नाकाला टेकवलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, “एवढे दगड ठेवून कोणी पेरतं का?” आई, ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले होते. मग तू दगड उचललेस, वाफे केलेस, सलगम लावलंस. सलगम कशाला, इथे वांगी का नाही, म्हणून भांडलीस. स्क्रीन केशरी झाली, म्हणजे गेममध्ये संध्याकाळ झाली, की तू हात थांबवायचीस. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही.

“अगं आई, अजून वेळ आहे त्या शेतकऱ्याकडे. टोमॅटो तोड ना.”

“झाडं झोपलीत.”

“ही गेममधली झाडं आहेत!”

“मग काय झालं? झाडंच ना? त्यालाही झोपव. दिवसभर राबलाय पोरगा.”

आणि तो बिचारा शेतकरी संध्याकाळी सहाला अंथरुणात. इंटरनेटवर सगळे रात्री बारापर्यंत राबवून पहिल्याच वर्षी मोठं घर बांधतात, आणि आपला पोरगा झोपडीत घोरतोय. पण मला चालत होतं. तू बोलत होतीस. बाबांना सुद्धा सांगायला लागली होतीस की आज काकडी लावली.

मग एका सकाळी वाडीच नाही. परत सगळे दगड, सगळं तण. त्या कार्टमध्ये गेम सेव्ह केला तरी तो नुसता वरवर राहायचा. चार बटणं एकदम दाबून मेनूवर परत यायचं, तेव्हा कुठे तो आतल्या मेमरी कार्डवर लिहिला जायचा. मला हे माहीत होतं, तुला दाखवलं पण होतं. पण तू म्हणजे खोलीतून बाहेर पडताना पंखा, दिवा, गीझर सगळ्यांची बटणं बंद करणारी बाई. इतके दिवस रात्री मी गेम चालूच चार्जिंगला लावायचे, त्या रात्री तू शेतकऱ्याला झोपवलंस आणि खट्, स्विच बंद. तू रडली नाहीस, रागावली नाहीस. गेम माझ्या हातात दिलास आणि परत टाक्या बघायला लागलीस. ते जास्त वाईट होतं.

मी धावत सायबर कॅफेत गेले आणि कोणीतरी इंटरनेटवर ठेवलेली पूर्ण झालेली वाडी डाउनलोड करून आणली. मोठं घर, गाई, कोंबड्या, सगळे वाफे भरलेले. तुझ्यासमोर धरली. तू एकेक वाफा फिरून बघितलास.

“हे कोणी लावलं?”

“माहीत नाही. कोणीतरी अमेरिकेतला असेल.”

“मग त्याची त्याला देऊन टाक. शोधत असेल.”

“आई, ही कॉपी आहे. त्याची त्याच्याकडे आहे.”

“मग मी यात काय करू? बसून खाऊ?”

तेव्हा मला कळलं की तुला तयार वाडी नको, तू लावलेलं टिकायला हवं, आणि आपण कार्ट निवडताना पार चुकीचं बघत होतो. परत तुळिंजला गेले. दुकानदार दुसरं कार्ट दाखवत म्हणाला, “यात ऐंशी गेम बसतात, ताई. ऐंशी!”

“मला एकच पाहिजे. स्विच बंद केला तरी सेव्ह राहतो का?”

“गेम किती ते विचार ना. सगळे तेच विचारतात.”

“स्विच बंद केला तर?”

त्याने हातातलं कार्ट बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “कोण खेळणार आहे, तुझी आजी का?” मी म्हटलं, “आई.” त्याने काउंटरखालून एक जुनं, कोपरा घासलेलं कार्ट काढलं. स्लॉटमधून बोटभर बाहेर यायचं, दिसायला एकदम भंगार, पण बटणं दाबायची भानगड नाही. मी तिथेच दुकानात गेम टाकून बघितला. दगड उचलला, सेव्ह, खट्, परत चालू. दगड गेलेला. परत एक दगड, परत खट्. मागची गिऱ्हाइकं वैतागली. दुकानदार म्हणाला, “अब पूरा खेत साफ करेगी क्या इधर?”

तू शून्यापासून सुरू केलंस. यावेळी वाफे तिरके नाहीत, सरळ रांगेत. टोमॅटो लागले त्या सकाळी मामाला फोन, “माझे टोमॅटो लागले!” “कुठे?” “पलंगावर!” रविवारी तो स्कूटरवर केळी बांधून आला, तुझ्या शेजारी बसला आणि स्क्रीन बघून म्हणाला, “एवढं पाणी? मुळं कुजतील ना गं.” तू म्हणालीस, “तू तुझी वाडी बघ.” अर्धा तास भांडलात दोघं. बाबा चहाचे कप घेऊन दारात उभेच राहिले. एवढी हसलीस तू त्या दिवशी की प्लॅस्टरच्या आत खाज सुटली आणि मामाने खाजवायला माझी शाळेची पट्टी मागितली.

त्यानंतर मी कितीतरी कार्टं बदलली, आई. तू गेलीस त्यालाही वर्षं झाली, पण प्रत्येक कार्टमध्ये तुझ्या वाडीची ती सेव्ह केलेली फाइल मी पहिली टाकली. ती चालली तर कार्ट चांगलं. लोक मला विचारतात, तू एवढी एक्सपर्ट, टेस्ट कशी करतेस, आणि मी काहीतरी टेक्निकल सांगते.

हे पत्र कुठे पाठवणार, इथेच राहणार आहे, तर एक सांगून टाकते. मला तो गेम कधीच आवडला नाही. इतका बोअर गेम मी आयुष्यात बघितला नाही. मी तासन् तास तुझ्या बाजूला बसायचे ना, ते तू त्या शेतकऱ्याला काय काय बोलतेस ते ऐकायला.