वाइंडिंग खात्याची मोजणी

८ जानेवारी १९७३, सोमवार

घड्याळ मिळालं. गळ्यात अडकवायचं. बटण दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. गुप्ते साहेबांनी रजिस्टरवर सही घेतली आणि म्हणाले, "हे पडलं तर तुम्हीच पडलात असं समजा."

गिरणीत नवं खातं निघालंय — कार्य-अभ्यास. खातं म्हणजे मुंबईहून आलेले गुप्ते साहेब, एक टेबल आणि मी. कोण किती वेळात काय करतं ते मोजायचं, वायफळ जाणारा वेळ शोधायचा, कामाची रीत सुधारायची. वाचताना बरं वाटतं. माझी नेमणूक कच्ची आहे. मार्चात कायम करतील, नाहीतर घरी बसा.

आणि पहिली मोजणी कुठली? वाइंडिंग! म्हणजे आईचंच खातं. मी म्हटलं, साहेब, माझी आई आहे तिथे. "मग उत्तमच की. तुमच्याशी बोलतील त्या."

घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती, थांबली नाही. "घड्याळ लावून बगणार व्हय आमाला? बग की."

१० जानेवारी

आज नुसतं बघायचं होतं. लहानपणापासून या गिरणीच्या भोंग्यावर उठलो, पण आतलं वाइंडिंग आज पहिल्यांदा नीट पाहिलं. फाटकाच्या आत पोरांना सोडत नव्हते कधी.

काम सांगायला सोपं. सुताची भरलेली कांडी चातीवर, म्हणजे उभ्या दांडीवर लावायची, टोक शोधायचं, वरच्या रिळाच्या टोकाशी गाठ मारायची, सोडायचं. धागा तुटला की परत गाठ. कांडी संपली की दुसरी. एका बाईकडे वीस चात्या. अशा चोपन्न बायका. कानात कापसाचे बोळे, पापणीवर पांढरी धूळ.

कांड्यांच्या पेट्या मात्र पार दाराशी. पेटी संपली की बाईने स्वतः जायचं, भरलेली उचलून कमरेवर घेऊन यायचं. मी पावलं मोजली. जाऊन येऊन शहाऐंशी! आणि पाळीत तीस खेपा. म्हणजे अडीच हजार पावलं, नुसती पेटीसाठी. वीस वर्षं आई कंबर धरून घरी येते आणि मी विचारतो, काय झालं. चाकाची एक गाडी फिरवली तर हे सगळं वाचेल. वीस वर्षांत एकाही शहाण्याला सुचलं नाही हे. मला एका दिवसात सुचलं!

१५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेत गर्दी आहे म्हणतात. दुष्काळ आहे तरी गर्दी. मी गाडीचं चित्र काढत बसलो. चार चाकं, दोन कप्पे, खालच्यात रिकाम्या कांड्या.

१९ जानेवारी

दोन दिवस मोजणी झाली. कालपासून बायका धुतलेली लुगडी नेसून येतायत. मला वाटलं कुणाचं काही कार्य आहे.

हात काय चालतात! गाठ मारलेली दिसतच नाही, नुसता बोटांना झटका बसतो. शालनमावशीच्या चात्यांजवळ उभा होतो. ही आमच्या चाळीतली, तीन वर्षांपूर्वी लागली. सासर मंद्रूपचं, तिथली विहीर आटलीय, दोन पोरं आणि म्हातारा सासरा हिच्याच जिवावर. मी घड्याळ दाबलं तशी ती मान खाली घालून सुटलीच. घामाने ब्लाउज चिकटलेला, पण एकदा थांबली नाही. जाताना म्हणाली, "चांगलं झालं न्हवं रं, ईश्वरा?" मी म्हटलं, लई चांगलं, मावशी.

फॉर्मवर एक रकाना असतो. कामाचा वेग नेहमीचा, की कमी, की जास्त? हे घड्याळ सांगत नाही, बघणाऱ्याने ठरवायचं असतं. मी सगळीकडे 'नेहमीचा' लिहिलं. या बायका अशाच राबतात हे मला माहीत नाही तर कुणाला!

२७ जानेवारी

साहेबांनी तक्ता पुढे टाकला. माझेच आकडे, त्यांचं गणित. या वेगाने एक बाई वीस नाही, तीस चात्या सांभाळू शकते. पेट्यांची चाल गाडीने वाचते, तीही धरली. म्हणजे चोपन्न बायकांचं काम छत्तीस करतील. अठरा जादा.

"तुमची गाडीची कल्पना छान आहे हं," म्हणाले. "ती नसती तर पंधरावरच थांबलो असतो."

मी विचारलं, जादा म्हणजे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेतून पळून आलोय. "जादा म्हणजे जादा. नव्या लागलेल्या आधी."

बायकांची कंबर वाचवायला गेलो आणि गिरणीचा पगारच वाचवला! — असं लिहून हसायला हवं होतं. हसू येत नाही.

२९ जानेवारी, सोमवार

आज घड्याळ टेबलात ठेवलं आणि मागच्या दाराने वाइंडिंगमध्ये गेलो. कुणाचं लक्ष नव्हतं.

वेगळंच खातं होतं ते. हात चालू होते, पण माणसाचे चालतात तसे. पार्वतम्मा कन्नडमध्ये कुणाच्या तरी सुनेची गोष्ट रंगवून सांगत होती. एक जण पाळणाघरात पोराला पाजायला गेली होती, तिच्या चात्या शेजारणीने सांभाळायला घेतल्या होत्या. कुणी तोंडावर पाणी मारून येत होतं. हा यांचा नेहमीचा वेग! आठ तास, वर्षानुवर्षं टिकेल असा. मी मोजली ती दोन दिवसांची शर्यत होती.

शालनमावशीला बाजूला घेऊन विचारलं, एवढं का पळालात? तिने डोळे मोठे केले. "आता गं बया! तुजी नोकरी पक्की व्हायची हाय न्हवं? आईनं सांगितलं, पोराचं पयलं काम हाय, सायबापुढं त्याची मान खाली जाऊ देऊ नगा. आपलं लेकरू घड्याळ घिऊन उबं ऱ्हायल्यावर हात मागं कसा ठिवायचा?"

गुप्ते साहेबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं — घड्याळ दिसलं की जगभरचा कामगार हळू होतो, ते ओळखा. उलटं झालं तर काय करायचं, हे त्यांनीही कुठे वाचलेलं नसणार. रकाना मी भरला. 'नेहमीचा'. माझ्याच अक्षरात.

३१ जानेवारी

साहेबांना सांगितलं. वेग ओळखायला चुकलो, आकडे खरे नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ठीक. सोमवारी परत मोजू. मी स्वतः उभा राहतो. तुमचं पहिलं चुकलेलं निघालं तर वाइंडिंग आहे तसं राहील. पण मग मला सांगा, तुमच्यासारख्या माणसाला कायम कशासाठी करायचं?"

म्हणजे मी तरी, नाहीतर अठरा तरी. दुष्काळात वाइंडिंगमधून सुटलेल्या बाईला दुसरं काय आहे? खडी. मंद्रूपच्या रस्त्यावर बसून दगड फोडा.

१ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना आईला सगळं सांगितलं. तीस चात्या, अठरा बायका, शालनमावशीचं नाव नक्की. सोमवारी सगळ्यांना नेहमीसारखं काम करायला सांग. मला काढलं तर काढलं, दुसरीकडे कुठे चिकटेन.

ती बशीत फुंकर मारत राहिली. मग म्हणाली, "दुसरीकडं कुटं?"

मी म्हटलं, बघू की. पण तू सांग त्यांना. तुझं ऐकतात.

"बरं. सांगते."

केवढं ओझं उतरलं! आज कितीतरी दिवसांनी भाकरी गोड लागली.

५ फेब्रुवारी, सोमवार

मेलो.

साहेब पाठीमागे हात बांधून उभे. मी बटण दाबलं. आणि त्या आधीपेक्षाही जोरात सुटल्या. मी शालनमावशीकडे बघून मान हलवली, डोळ्यांनी सांगितलं, हळू. तिला वाटलं मी धीर देतोय. आणखी जोरात! एका बाईच्या बोटाला सूत कापलं, रक्त आलं, तिने लुगड्याला पुसलं आणि पुढची गाठ मारली. समोरच्या रांगेत आई. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

पाळी सुटल्यावर मी शालनमावशीवर ओरडलो. भर रस्त्यात. आईने सांगितलं नव्हतं का तुम्हाला?

"सांगितलं की! म्हनली, सायब माज्या ईश्वराला खोटं म्हनतोय. त्यानं खोटे आकडे लिवले म्हनतोय. मंग आमी दाखवून दिलं त्याला." आणि हसली. पदराने तोंड पुसत, दमलेली, खुश.

अठराची गोष्ट तिथेच तिला सांगितली. सगळी. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आस्सं व्हय." आणि भाजी घ्यायला वळली.

आईला विचारलं, असं का सांगितलंस? "मला जसं कळलं तसं सांगितलं. मी काय शिकलेली हाय व्हय?" तिचा अभिमान आडवा आला असणार. साहेब मुलाला खोटं म्हणतो एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. अडाणी माणसाला कार्य-अभ्यास समजावणारा मी कोण टिकोजीराव! चूक माझीच.

६ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "पहिली मोजणीच बरोबर होती. उगाच घाबरलात." पाठीवर थाप मारली.

१२ फेब्रुवारी

युनियनच्या हापिसात गेलो. तिथल्या पुढाऱ्याने तक्ता उलटसुलट पाहिला. "खाली सही कुणाची आहे?" माझी. "मग आमच्याकडे कशाला आलात?"

वर म्हणाला, मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा तुमच्याच बायकांनी करून दाखवलं, आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांना एक कागद लिहून दिला, की या वेगाने आठवडाभरही काम होणार नाही. तो त्यांनी फाइलला लावला. फाइल बंद केली. ती मीच कपाटात ठेवली.

२० फेब्रुवारी

गाड्या आल्या. चार. हिरव्या रंगाच्या, माझ्या चित्रासारख्याच. चाकं सुद्धा वाजत नाहीत.

२१ फेब्रुवारी

काही नाही.

१ मार्च

यादी लागली. अठरा नावं. शालनमावशीचं सातवं. आईचं नाही, तिला वीस वर्षं झाली.

यादीपुढे रडारड नव्हती. बायका एकमेकींना नावं वाचून दाखवत होत्या. एकीला आपलं नाव वाचता येत नव्हतं, ती मला म्हणाली, बग रं जरा. मी बघितलं. आहे म्हटलं.

उरलेल्या छत्तीस जणी आता तीस चात्यांवर आहेत. बोलणं बंद. पाजायला जायचं तर शेजारणीचा हात मोकळा नसतो. आई घरी येऊन भिंतीला टेकून बसते. कंबर दुखते का विचारलं. न्हाय म्हणाली, आता खांदे.

९ मार्च

शालनमावशी मंद्रूपला गेली. पोरांना घेऊन, सासऱ्याला घेऊन. स्टँडवर मी बोचकं उचलायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मग बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "आईला जप. लई राबली ती तुज्यासाटी." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खरंच.

१५ मार्च

कायम झालो. पत्र मिळालं. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात रिळिंग खातं मोजायला घेऊ.

आईने पत्र हातात धरलं. उलटं की सुलटं तिला कळत नव्हतं. मग डोळ्यांना लावलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं.

१८ मार्च, रविवार

बाजारात धुळाप्पा भेटले. वाइंडिंगचे जुने जॉबर, म्हणजे मुकादम, घरी बसून दहा वर्षं झाली. अठरा बायकांचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, "अठ्ठावन साली बी आला हुता असाच एक घड्याळवाला. तवा तुज्या आईनंच समद्या बायास्नी शिकवलं — गाठ दोनदा मारा, टोक गावंना म्हना, हात मागं ठिवा. हात भराभर चालला तर शेजारीन घरी जाईल, म्हनायची. म्हयनाभर बसला बाबा आन् गेला निगून. एक बाई कमी झाली न्हाय! त्या वक्ताच्या बाया समद्या गेल्या, तुजी आई नागूबाईच तेवडी ऱ्हायली. औंदा कशी काय इसरली रं ती?"

घरी आलो. आईने ताट वाढलं. मी काही विचारलं नाही. जेवलो.