तीसपैकी दोन

१९ डिसेंबर १९७४, बेलग्रेड

कोट अजून अंगावरच आहे. पण आधी लिहून ठेवते.

स्रेत्कोकडे गेले होते. आज संत निकोलाचा दिवस, त्याच्या घरचा सण, न जाऊन कसं चालेल? प्रयोगशाळेत माझे उंदीर वीस वर्षं त्यानेच सांभाळले. गोड गव्हाची बशी पुढे केली आणि म्हणाला, "डॉक्टरबाई, आता मी निवृत्त झालो, सांगून टाकतो. अठ्ठावन्न साली, त्या मोठ्या प्रयोगात, उंदीर मरावेत हेच तुम्हाला हवं होतं. तरी पिंजऱ्यापुढे बसून रडायचात! मला बघवेना. मेलेला काढला, कानाला नंबराची तशीच खाच पाडून दुसरा जिवंत ठेवून दिला."

बशी तशीच टेबलावर राहिली. "अहो, ऐका तर—" तो मागून म्हणत होता. मी बूट घालून जिन्यात पोचले होते. हातमोजेही विसरले.

(हो, रडायचे. कुणाला ठाऊक आहे असं वाटलं नव्हतं.)

२० डिसेंबर

जुनी वही काढली. तीस उंदीर. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी मी सीरम टोचून मारल्या, मग तापाचे जंतू दिले. अठ्ठावीस मेले. म्हणजे शरीराचं रक्षण याच पेशी करतात. माझं नाव झालं ते यावर.

दोन मात्र जगले. सात नंबर आणि एकोणीस नंबर. खाऊन-पिऊन टुणटुणीत!

लेखात मी त्यांना तळटीपेत टाकलं. ऑग्नियन भडकला. तेव्हा आम्ही एकाच टेबलावर काम करत होतो. "अठ्ठावीस उंदीर तुला ठाऊक असलेलंच सांगतात, देसांका. हे दोन नवीन काही सांगतायत. शरीरात आणखी एक पहारेकरी आहे." मी म्हटलं, टोचण्यात चूक झाली असेल. "तू माणसाला वाक्य पुरं करू देत नाहीस, उंदरांना काय देणार!" असं म्हणून दार आपटून नोवी सादला गेला. सोळा वर्षं तो दुसरा पहारेकरी शोधतोय. सोळा वर्षं प्रत्येक व्याख्यानात मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, आणि त्या दोघांचं काय? दर वेळी मी घाईने पुढचा प्रश्न घेते.

आता उत्तर मिळालं. ते दोघे माझे नव्हतेच.

२१ डिसेंबर

नऊ तास झोपले. किती वर्षांनी!

२२ डिसेंबर

ऑग्नियनला पत्र टाकलं. चार ओळी. जिंकल्याचा सूर येऊ नये म्हणून तीनदा लिहिलं. आलाच असणार थोडा.

परतताना बाजारातून मोठा कार्प मासा आणला. एकटीला कशाला एवढा? पण घेतला.

२६ डिसेंबर

ऑग्नियनचा फोन. सोळा वर्षांनी आवाज ऐकला, म्हाताऱ्याचा झालाय.

"म्हणजे त्या स्रेत्कोच्या दयेपायी मी सोळा वर्षं घालवली?" बराच वेळ हसला. मग म्हणाला, "खरं सांगू? बरं वाटतंय. गेले वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं, बहुतेक डोळेच थकलेत. सोमवारी उंदरांसकट पिंजरे शाळेला देऊन टाकतो. तू जिंकलीस, बाई."

मी म्हटलं, ये एकदा जेवायला. येतो म्हणाला. फोन ठेवून मी खूप रडले. चांगलं रडू होतं ते.

२८ डिसेंबर

स्रेत्को हातमोजे द्यायला आला. कॉफी पाजली, आभार मानले. म्हटलं, त्या दोन उंदरांनी माझा जन्म खाल्ला होता.

"दोन? मी एकच बदलला. सात नंबरचा. तेच तर सांगत होतो, तुम्ही थांबलात कुठे? एकोणीस नंबर तुमचाच होता. प्रयोग संपल्यावर मारून टाका म्हणालात, मी माझ्या मुलीसाठी, रुझासाठी घरी नेला. दोन वर्षं कपाटात राहिला. माझे लोकरी मोजे कुरतडले त्याने!"

सोमवारला दोन दिवस आहेत. नोवी सादची पहिली गाडी सकाळी सहा वीसला. ऑग्नियनने काय पाहिलं ते तो सांगेल, आणि मी मध्ये बोलणार नाही.